काता एकट्यानं करायचा की जोडीदाराबरोबर? कराटेत नव्यानं आलेल्यांसाठी पायरी-पायरीनं

कराटे क्लासला जायला लागून दोन-तीन महिने झाले, पिवळ्या बेल्टची परीक्षा जवळ आली की बॅचमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. घरी एकट्यानं काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, घोटत बसू की कुणाला तरी समोर उभं करून करू? एक सीनियर सांगतो की समोर माणूस नसेल तर तो नुसता हवेतला डान्स आहे, दुसरा सांगतो की काता हा एकट्याचाच असतो, जोडीदार नंतर बघू. दोघांचं ऐकून नवीन माणूस गोंधळतो आणि शेवटी दोन्ही अर्धवट करतो. मी या सगळ्यातून गेलोय आणि आता क्लासमध्ये नवीन मुलांना आणि चाळिशीत सुरू केलेल्या मोठ्यांनाही हेच समजावत असतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

माझं मत आधीच सांगतो. दोन्ही लागतं, पण एकाच वेळी नाही आणि एकाच कामासाठी नाही. क्रम, स्टान्स, कंबर, तोल हे एकट्यानं दुरुस्त होतं. अंतर, वेळ आणि समोरच्याचं वजन हे एकट्यानं कधीच कळत नाही, कितीही वर्षं केलं तरी. त्यामुळे आधी एकट्यानं, मग जोडीदार, मग जे सापडलं ते घेऊन परत एकट्यानं, असं फिरत राहायचं.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्यावरून बरंच उलगडतं. आपण शोतोकान (कराटेची एक स्टाइल) क्लासमध्ये पहिला शिकतो तो हेइआन शोदान. हेइआनचे पाचही काता ओकिनावाच्या इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांना शिकवता यावेत म्हणून बसवले. शंभर पोरं मैदानात उभी करून एका हाकेवर करता येतील असे, म्हणजे एकट्यानं करण्याजोगे. शोतोकानचे फुनाकोशी गिचिन १९२२ साली टोकियोला गेले आणि पुढे त्यांनी या कातांचं 'पिनान' हे जुनं नाव बदलून 'हेइआन' केलं. पण काता म्हणजे एकट्यानंच, हे सगळीकडे खरं नाही. ज्युदोमधला नागे-नो-काता बघा, त्यात १५ थ्रो आहेत आणि तो दोघांशिवाय होतच नाही, एक टाकणारा तोरी आणि एक पडणारा उके. केंडोचे काताही दोघांचे, आणि तिथे हल्ला करून हरणारी बाजू सीनियर घेतो, कारण समोरच्याला शिकवता येईल असा हल्ला करणं हेच जास्त अवघड काम आहे. हे लक्षात ठेवा, पुढे चौथ्या पायरीत कामाला येईल.

खाली सगळी उदाहरणं हेइआन शोदानचीच घेतलीयत. २१ स्टेपचा काता आहे, प्रत्येकाला येतो किंवा येणार आहे.

सुरू करण्याआधी: सामान आणि कागद

एकट्यासाठी काहीच लागत नाही, ढगळ ट्रॅकपॅन्ट, टी-शर्ट, अनवाणी पाय, एक खडू आणि फोन. जोडीदाराबरोबर करायचं तर माऊथगार्ड, मुलग्यांना ग्रोइन गार्ड, आणि हातात पातळ मिट्स असले तर बरं. नखं कापलेली पाहिजेत, हातांची आणि पायांचीही. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, मंगळसूत्र, कानातले, मनगटावरचे जाड धागे, सगळं काढून बॅगेत. चष्मा असेल तर जोडीदाराला आधीच सांगा आणि काढून करा, पण मग सुरुवातीला वेग अर्धा ठेवा.

कागदांचं म्हणाल तर बहुतेक क्लासमध्ये प्रवेशाचा फॉर्म, पासपोर्ट साइझ फोटो, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही, आणि स्पर्धेला जायचं तर वयोगटासाठी जन्माचा दाखला किंवा आधार मागतात. गुडघा, पाठ, बीपी, दमा असं काही असेल तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट स्वतःहून द्या, कुणी मागायची वाट बघू नका. आणि जुन्या क्लासची बेल्ट सर्टिफिकेट जपून ठेवा, गाव बदललं, क्लास बदलला की पहिला प्रश्न त्याचाच येतो.

१. क्रम पाठ करा, पण तुकड्यांनी

पूर्ण २१ स्टेप एका दमात पाठ करायला जाऊ नका. पहिल्या पाच स्टेप, म्हणजे डावीकडे वळून गेदान बराई (हात खाली झाडून अडवणं), पंच, मागे वळून गेदान बराई, तो गोल फिरून येणारा हात, पुन्हा पंच. हे एक. मग समोर वळून गेदान बराई आणि तीन आगे-उके (हात वर नेऊन अडवणं), तिसऱ्याला किआई (जोरात ओरडणं). मग २७० अंशाचा वळसा आणि दोन्ही बाजूंचे गेदान बराई-पंच. मग मागे येत गेदान बराई आणि तीन पंच, पुन्हा किआई. शेवटी चार शुतो-उके (उघड्या हाताच्या कडेनं अडवणं). असे पाच तुकडे. एक तुकडा न अडखळता आला की पुढचा जोडायचा.

मोजणी तोंडानं करा, इची, नी, सान, शी, गो, मोठ्यानं. मनात मोजलं की श्वास अडकतो आणि दहाव्या स्टेपला माणूस लाल होतो.

इथे एक मोठा सापळा आहे तो यूट्यूबचा. व्हिडिओतला माणूस तुमच्याकडे तोंड करून करत असेल तर त्याची डावी बाजू तुमच्या उजवीकडे दिसते, आणि नवीन माणूस सगळा काता उलटा शिकून येतो. मागून शूट केलेला व्हिडिओ शोधा. दुसरं असं की शोतोकानमध्ये ज्याला हेइआन शोदान म्हणतात तो शितो-र्यू, वादो-र्यू या दुसऱ्या स्टाइलमध्ये पिनान निदान म्हणून आहे, कारण फुनाकोशींनी पहिल्या दोघांची अदलाबदल केली. तेव्हा 'पिनान शोदान' शोधून बघितलंत तर भलताच काता मिळेल आणि क्लासमध्ये सर विचारतील हे कुठून आणलं. आधी आपला क्लास कुठल्या स्टाइलचा आहे ते विचारून घ्या, खूप जणांना वर्षभर माहीतच नसतं.

२. जागा

फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही सोडून जी जागा उरते त्यात हा काता पूर्ण बसत नाही. समोर तीन लांब पावलं आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं, म्हणजे मोठ्या माणसाला सगळीकडून साधारण बारा-पंधरा फूट तरी लागतात. गच्ची, सोसायटीचं पार्किंग, शाळेचं मैदान बघा. गच्चीवर पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर करा, दुपारी फरशी पाय भाजते, आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या गच्चीवर अजिबात नको, वळताना पाय सटकतो तो थेट गुडघ्यावर येतो.

जागा नसेल तर स्टान्स आखूड करू नका, हा फार वाईट सौदा आहे. त्यापेक्षा एक तुकडा पूर्ण लांबीत करा, थांबा, मागे सरका, पुढचा तुकडा करा.

आणि सुरुवात केलीत तिथे खडूनं फुली मारा. या कातात तीन पावलं पुढे जाऊन तीन पावलं मागे यायचं असतं, म्हणजे शेवट जवळपास त्याच फुलीवर व्हायला हवा. दीड-दोन फूट पुढेमागे संपत असाल तर तुमची पावलं सारखी पडत नाहीयेत, किंवा २७० अंशाच्या वळणात पाय चुकीच्या जागी पडतोय. आधी ते वळणच तपासा, दहापैकी आठ जणांचं तिथेच बिघडतं. उजवा पाय पुढे असतो, त्याच्यावर वजन ठेवून डावा पाय मागून फिरवून आणायचा, आणि डोकं आधी वळवायचं.

३. एकट्यानं करताना एका वेळी एकच गोष्ट

बरेच जण एकामागून एक वीस वेळा काता करतात आणि घाम आला म्हणून खूश होतात. त्यानं दम वाढेल, काता सुधारेलच असं नाही. त्यापेक्षा एक फेरी फक्त पायांसाठी, हात कमरेवर ठेवून. मागचा पाय सरळ आहे का, टाच उचलली जातेय का, पुढचा गुडघा आत पडतोय का. दुसरी फेरी फक्त हिकितेसाठी, म्हणजे जो हात परत कमरेशी येतो तो. सगळ्यांचं लक्ष मारणाऱ्या हातावर असतं आणि मागे येणारा हात पोटावरच कुठेतरी राहतो. तिसरी फक्त डोळ्यांसाठी, वळण्याआधी नजर तिकडे गेली का. मग एक फेरी एकदम सावकाश, ताई-चीसारखी, आणि एक पूर्ण जोरात. बास. पाच फेऱ्या, पण प्रत्येकीत काहीतरी बघितलेलं.

फोन बाजूला टेकवून समोरून एक आणि बाजूनं एक असा व्हिडिओ घ्या. आरशासमोर जास्त करू नका, आरशात बघायची सवय लागली की मान नेहमी एकाच दिशेला राहते. आठवड्यातून एकदा दिशा बदलून करा, आज गेटकडे तोंड, उद्या टाकीकडे. रोज त्याच भिंतीकडे बघून केलेला काता परीक्षेच्या हॉलमध्ये हमखास विसरतो, कारण तुम्ही स्टेप नाही, खिडकी आणि दरवाजा पाठ केलेला असतो.

४. जोडीदार कधी, आणि कसा

क्रम न आठवता, म्हणजे कुणी मध्येच 'बाराव्या स्टेपपासून कर' म्हटलं तरी करता येतो, एवढं झालं की जोडीदार घ्या. त्याआधी घेतलात तर तुम्ही क्रम आठवत बसाल आणि तो पंच मारेल, दोघांचाही वेळ जाईल. पण त्यानंतर उशीरही करू नका. 'काता अजून परफेक्ट नाही' म्हणून वर्ष वर्ष टाळणारे लोक बघितलेत, आणि मग समोर माणूस आला की त्यांचे हात थिजतात.

जोडीदार साधारण तुमच्या उंचीचा घ्या सुरुवातीला, नंतर मुद्दाम उंच आणि मुद्दाम बुटका. आपल्याहून थोडा सीनियर मिळाला तर सोनंच. वर केंडोचं सांगितलं ते यासाठी. चांगला हल्ला करणारा जोडीदार मिळणं हे अर्धं शिक्षण आहे. चांगला म्हणजे जोरात मारणारा नव्हे. तुम्ही अडवलं नाही तर त्याची मूठ खरंच तुमच्या छातीपर्यंत येईल, पण टेकून थांबेल, असा. मोठ्यांनी लहान मुलांबरोबर करायचं झालं तर सरांच्या देखरेखीखालीच, आणि मुलींना किंवा ताईंना मनगट, कॉलर पकडायचा सराव असेल तर आधी विचारून, कुठे पकडणार ते सांगून. हे बोलायला अवघड वाटतं म्हणून लोक गप्प राहतात आणि मग कुणीतरी क्लास सोडून देतं. बोला.

५. पहिल्या दिवशी काता नको

जोडीदार मिळाला म्हणून लगेच काताचे अर्थ काढत बसू नका. आधी ठरलेली कुमिते, म्हणजे हल्ला आणि बचाव आधीच ठरवलेला जोडीचा सराव, करा. गोहोन कुमितेत समोरचा पाच पावलं पुढे येत पाच पंच मारतो, तुम्ही पाच वेळा मागे जात अडवता आणि शेवटी उलट पंच. मग सान्बोन, तीनचा. मग किहोन इप्पोन, एकच हल्ला, आधी सांगून, 'जोदान' म्हणजे चेहऱ्याकडे, 'चुदान' म्हणजे पोटाकडे.

सुरू करण्यापूर्वी अंतर मोजा. जोडीदारानं उभ्या जागेवरून एक पाऊल टाकून पंच मारला की मूठ तुमच्या गीला (कराटेच्या ड्रेसला) टेकली पाहिजे. टेकत नसेल तर तुम्ही अडवता आहात ते कशाला? जो पंच पोचतच नाही त्याला ब्लॉक लागत नाही. बहुतेक जोड्या भीतीपोटी एक फूट लांब उभ्या राहतात आणि महिनोन्महिने हवेतच अडवतात, म्हणजे दोन माणसं असूनही सराव एकट्याचाच चालू असतो.

'यामे' (थांबा) म्हटलं की दोघांनी जागच्या जागी थांबायचं, आणि हात टॅप केला की लगेच सोडायचं. हे पहिल्याच मिनिटाला ठरवून घ्या.

६. आता काताचा एकच तुकडा घ्या

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर. चौथी स्टेप घ्या. तिसऱ्याला तुम्ही उजवा पाय पुढे ठेवून उजव्या हातानं गेदान बराई केलीय. चौथ्याला पुढचा पाय अर्धा मागे ओढला जातो, उजवा हात डाव्या बाजूनं गोल फिरून वरून खाली येतो, मूठ हातोडीसारखी, तेत्सुई. एकट्यानं करताना हा हात छान गोल फिरतो आणि दिसायलाही बरं दिसतं. पायाकडे कुणाचं लक्षच नसतं, पाय आपला मागे येतो कारण सरांनी सांगितलंय.

आता जोडीदाराला सांगा की गेदान बराई झाल्या झाल्या माझं उजवं मनगट घट्ट पकड. या स्टेपचा हा एक नेहमीचा अर्थ आहे. आणि मग नुसत्या हातानं सोडवून बघा. नाही सुटत. तो तुमच्यापेक्षा थोडा जरी ताकदवान असेल तर तुमचा खांदा वर जातो, कोपर उचलतं, आणि तुम्ही त्याच्याचकडे ओढले जाता. मग हाताचं विसरून पुढचा पाय आणि कंबर एकदम मागे घ्या, हात अंगाला लावून. तो अर्धं पाऊल पुढे येतो, त्याच्या टाचा हलतात, आणि त्याच क्षणी त्याच्या अंगठ्याच्या बाजूची पकड सैल होते. तिथूनच तुमचं मनगट फिरून बाहेर येतं, वर जातं आणि खाली येतं ते त्याच्या हातावर किंवा कॉलरबोनवर. म्हणजे ती स्टेप हाताची नाहीच, पायाची आहे. दहा-बारा वेळा असं केलंत की पाय मागे का ओढायचा हे कुणी सांगायला लागत नाही.

तसंच आगे-उके. एकट्यानं आपण शेवटची पोझिशन बघतो, कपाळाच्या वर मूठभर अंतर, कोपर एवढं, मनगट तेवढं. जोडीदारानं चेहऱ्याकडे खरा पंच मारला की कळतं, हात पूर्ण वर पोचेपर्यंत पंच नाकावर आलेला असतो. अडवणं होतं ते वर जाता जाता, मध्येच, फोरआर्म त्याच्या मनगटाजवळ लागतं आणि उरलेला प्रवास त्याचा हात उचलून बाजूला करण्याचा असतो. आणि दुसरा हात आधी पुढे क्रॉस होतो ना, तो कशाला, हेही तिथेच समजतं, पहिला स्पर्श बऱ्याचदा त्याच हाताचा होतो.

एका दिवशी एकच तुकडा. आधी अर्ध्या वेगात, मग थोडा वाढवत. प्रत्येकानं दहा वेळा, मग भूमिका बदला. जोडीदार म्हणून पकडताना, मारताना पण लक्ष द्या, समोरच्याची कुठली हालचाल तुमचा तोल घालवते ते पकडणाऱ्याला जास्त स्पष्ट कळतं.

७. त्याच दिवशी परत एकट्यानं

जोडीदाराचा सराव संपला की घरी जाण्याआधी तोच काता दोन वेळा एकट्यानं करा. आता चौथ्या स्टेपला मनगटावर पकड असल्यासारखं करा. वेग आपोआप बदलतो, पायाची ओढ येते, नजर नेमकी जाते. हे त्याच दिवशी केलं नाही तर दोन दिवसांत हात पुन्हा जुन्या सुंदर गोलावर जातो.

८. लोक कुठे फसतात

बाजूला मारणारा जोडीदार हा सगळ्यात घातक. प्रेमापोटी, लागू नये म्हणून तो मूठ तुमच्या कानाजवळून नेतो, तुम्ही अडवता, दोघंही खूश. त्याला सांगा मध्ये मार, हळू मार पण मध्ये मार.

किक गेदान बराईनं थेट आडवी ठोकायची नाही. नडगीचं हाड फोरआर्मपेक्षा कितीतरी दणकट असतं, हात काळानिळा होतो. अंग बाजूला सरकवून किक वळवायची असते.

प्रत्येक स्टेपचे पाच-पाच अर्थ गोळा करायचा नाद लावून घेऊ नका. इंटरनेटवर एका गेदान बराईचे इतके अर्थ सापडतात की माणूस चक्रावतो. सरांनी दाखवलेला एक घ्या, तो दोन-तीन वेगळ्या अंगकाठीच्या माणसांवर चालतो का बघा.

एकाच जोडीदाराबरोबर महिनोन्महिने केलंत तर तुम्हाला कराटे नाही, तो माणूस पाठ होतो. बदलत राहा.

आणि स्पर्धा लागली की थांबा. एकानं जरा जोरात मारलं, दुसऱ्यानं त्याहून जोरात, पाच मिनिटांत ठरलेल्या सरावाची फ्री फाइट होते आणि कुणाचं तरी बोट मोडतं. वेग वाढवायचा तर दोघांनी बोलून.

९. जोडीदारच नसेल तर

गावाकडे किंवा शिफ्टच्या नोकरीत असं होतं. तेव्हा सायकलची जुनी ट्यूब ग्रिलला बांधा, दुसरं टोक हातात धरून चौथी स्टेप करा, ट्यूब ताणलेली असली की पाय मागे घेतल्याशिवाय हात येत नाही. आगे-उकेसाठी दोरीला जुना टेनिस बॉल चेहऱ्याच्या उंचीवर लटकवून हलवा. भिंतीपासून एक पाऊल आणि हात एवढं अंतर मोजून पंच थांबवायचा सराव करा. माणसाची जागा यातलं काही घेत नाही, पण अंतराचा अंदाज बराच टिकतो. आठवड्यातून एकदा क्लासला गेलात की तो वेळ मात्र जोडीदारावरच घालवा, एकट्यानं करायचं ते घरी होतंच.

१०. परीक्षा आणि स्पर्धेच्या आधी

बेल्ट परीक्षेत काता एकट्यानं बघतात आणि ठरलेली कुमिते जोडीनं, तेव्हा दोन्हीला वेळ द्या. शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका, जोडीदाराबरोबरचा वेगही उतरवा, मुरगळलेलं मनगट घेऊन परीक्षेला जाण्यात काही अर्थ नाही. ठरलेल्या कुमितेसाठी परीक्षेत कोण समोर येणार हे आपल्या हातात नसतं, म्हणून शेवटच्या दोन क्लासना मुद्दाम अनोळखी माणूस मागून घ्या, आणि उभं राहिल्यावर पहिलं काम अंतर मोजण्याचं.

पुढे कधी टीम काताकडे वळलात तर तिथे दोन्ही एकत्र येतं. जागतिक फेडरेशनच्या नियमांत तिघांची टीम असते, पदकाच्या लढतीत काता झाला की त्याच काताचा बुनकाई, म्हणजे हालचालींचा अर्थ, एकमेकांवर करून दाखवावा लागतो, आणि या सगळ्याला मिळून पाच मिनिटं. आपल्याकडे टीमसाठी तिघं निवडताना बहुतेक वेळा सारखी उंची बघतात. उंचीबरोबर तिघांपैकी नीट पडता कुणाला येतं हेही बघा, आणि तो सराव गादीवर, पडण्यापासूनच सुरू करा.